कवडी चिकटवू नका, शिवा

पूजा साहित्याच्या दुकानात कवड्या मागितल्या की दुकानदार बरणीतली मूठभर काउंटरवर ओततो आणि आपण त्यातल्या पांढऱ्याशुभ्र, चकचकीत तेवढ्या वेचून घेतो. पूजेसाठी हे ठीक आहे. पण तोरण, पिशवी, पडदा, उशीचा अभ्रा किंवा गळ्यातली माळ करायची असेल तर कवडी उलटी करून आधी पाठ बघावी. कवडी कापडावर सपाट बसेल की डुगडुगेल, दोरा कुठून जाईल, चार वर्षांनी ती जागेवर असेल की केरात गेलेली असेल, हे सगळं पाठीवरून ठरतं.

बाजारात कवडी दोन रूपांत मिळते. एक अख्खी, फुगीर पाठीची. दुसरी पाठ घासून किंवा कापून काढलेली. ही दुसरी पालथी केली की मागून पोकळी दिसते, आत शंखाचं वेटोळं दिसतं आणि पोकळीतून थेट पुढच्या दातेरी फटीपर्यंत सुई जाते. शिवणकामाला हीच घ्यायची. आराधी आणि गोंधळी यांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळा, पोळ्याला बैलाच्या मानेवर चढणारे कवड्यांचे पट्टे, बंजारा बायकांच्या कांचळीच्या आणि पिशव्यांच्या कडा नीट निरखल्या तर बहुतेक ठिकाणी पाठ काढलेली कवडीच दिसेल. या सगळ्या वस्तू अंगावर, जनावरावर, उन्हापावसात वापरायच्या असतात. त्यात गोंदाचा थेंबही नसतो, सगळा भरवसा दोऱ्यावर. दोरा झिजला की नवा घालायचा आणि त्याच कवड्या पुन्हा वापरायच्या.

हल्ली कवडीकामाचे व्हिडिओ बघितले तर ग्लू-गनशिवाय पान हलत नाही. गरम गोंदाने कवडी दोन मिनिटांत बसते हे खरं, पण उन्हाच्या बाजूच्या दारावरचं तोरण मे महिन्यात नुसता हात लावला की सुटतं. कवडीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असतो, त्यात गोंदाला धरायला काही मिळत नाही. फेविक्विकसारखा झटपट गोंद धरतो, पण ठिसूळ होतो आणि कवडीभोवती पांढुरकी वाफ धरल्यासारखा डाग सोडतो. तेव्हा सुईदोरा काढलेला बरा.

कोणती कवडी घ्यावी

शोभेच्या कामाला येणाऱ्या छोट्या कवड्या मुख्यतः दोन जातींच्या. मोनेटेरिया मोनेटा ही जुन्या काळी चलनात फिरलेली कवडी. तिची कड सरळ लंबगोल नसते, बाजूला गाठीसारखे उंचवटे असतात आणि रंगात पिवळट झाक असते. दुसरी मोनेटेरिया अॅन्युलस. ही अंड्यासारखी नितळ, आणि तिच्या करड्या-पांढऱ्या पाठीवर सोनेरी-नारिंगी रंगाचं कडं असतं. अख्खी कवडी दिसावी असं काम असेल, म्हणजे काचेच्या बरणीत भरायची असेल किंवा मातीच्या दिव्याभोवती मांडायची असेल, तर ही कडंवाली घ्या, पाठीचा दागिना फुकट मिळतो. शिवायची असेल तर जातीने काही बिघडत नाही, कारण दोघींचीही पाठ जाणारच. फक्त एका पट्टीवर दोन्ही मिसळू नका. गाठाळ आणि नितळ कवड्या शेजारी आल्या की ओळ वाकडी दिसते आणि कारण सापडत नाही.

ठिपक्याठिपक्यांची मोठी टायगर कवडी सात ते दहा सेंटिमीटरची असते. ती शिवायची वस्तू नाही. एखादी टेबलावर ठेवली तर ठेवली.

दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गडद पिवळ्या कवड्यांपैकी पुष्कळशा रंगवलेल्या असतात. पूजेत कुणाची हरकत नसावी, पण पांढऱ्या कापडावर शिवल्या आणि कापड एकदा धुतलं की पिवळे ओघळ उतरतात. घेताना ओल्या कापसाने एक घासून बघा. प्लास्टिकच्या आणि रेझिनच्या कवड्याही आता सर्रास मिळतात. खरी कवडी हाताला गार लागते, मूठभर हलवली तर खणखणते आणि प्रत्येकीचे दात थोडे वेगळे असतात. साच्यातल्या सगळ्या बहिणी एकसारख्या, आणि बाजूने बघितलं तर साच्याचा जोड दिसतो. तरी शंका असेल तर एका फुटक्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाका. खरी असेल तर बुडबुडे येतील.

किती घ्यायच्या? समजा दार 90 सेंटिमीटर रुंद आहे. तोरणाच्या पट्टीवर दर दोन सेंटिमीटरला एक अशी उभी कवडी लावली तर 45 लागतात. खाली नऊ लडी आणि प्रत्येक लडीत चार कवड्या धरल्या तर आणखी 36. एकूण 81, म्हणजे बंगाल-ओडिशाच्या जुन्या हिशेबात जवळपास एक पण: चार कवड्यांचा गंडा आणि वीस गंड्यांचा पण. त्यात फुटक्या-तुटक्यांसाठी नऊदहा वाढवा आणि थांबा. किलोवर स्वस्त पडतात म्हणून पोतं भरून आणू नका. का, ते पुढे येतं.

तुळजापूर, जेजुरी, कोल्हापूर अशा देवस्थानांच्या बाजारात कवड्या हमखास मिळतात. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केटचा परिसर. पाठ काढलेल्या हव्यात हे स्पष्ट सांगा, नाहीतर अख्ख्या गळ्यात पडतात. आणखी एक. आराधी माळ आणि परडी या व्रताच्या वस्तू आहेत. कुणाची वापरातली माळ विकत घेऊन ती भिंतीवर शोभेला टांगण्याची हौस मला पटत नाही. तसंच हवं असेल तर नव्या कवड्या घेऊन स्वतः करा.

चमक कुठून येते

जिवंत कवडी पाण्यात चालत असते तेव्हा तिचं मऊ आवरण फटीतून बाहेर येऊन शंखावर दोन्ही बाजूंनी पसरतं आणि पाठीवर येऊन भिडतं. याच आवरणातून शंखावर थर चढत जातात आणि त्यावर ओरखडा राहत नाही. इतर शंख-शिंपल्यांवर दिसणारी खरबरीत साल कवडीवर नसते ती यामुळेच. प्राणी मेला की हे काम थांबतं. मग वाळू, ऊन आणि लाटा मिळून काही काळातच तिला खडूसारखी पांढरी आणि निस्तेज करतात.

याचा अर्थ असा, की दुकानातली झगझगीत कवडी किनाऱ्यावर आपोआप पडलेली नसते. ती बहुधा जिवंत काढलेली असते. चौदाव्या शतकात इब्न बतूता मालदीवमध्ये राहिला होता. समुद्रातून काढलेल्या कवड्या खड्ड्यांत टाकून ठेवतात, आतलं मांस कुजून जातं आणि पांढरा शंख उरतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. मालदीवच्या या कवड्या जहाजं भरभरून बंगालला येत, तिथे चलन म्हणून फिरत, आणि पुढे युरोपीय कंपन्यांनी त्याच कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेऊन गुलामांच्या किमतीपोटी मोजल्या. एवढ्याशा शंखाला फार मोठा हिशेब चिकटलेला आहे.

म्हणून लागतील तेवढ्याच घ्याव्यात आणि जुन्या मिळत असतील तर आधी त्या वापराव्यात. घरोघरी सारीपाटाच्या किंवा अष्टाचंगच्या डब्यात दोनचार कवड्या असतात, आजीच्या देव्हाऱ्यात असतात, फाटलेल्या माळा असतात. कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांच्या कपारीत कवडी दिसली आणि तिच्यावर मऊ, मखमली काहीतरी पसरलेलं असलं तर ती जिवंत आहे, तिथेच राहू द्या. वाळूवर पडलेली निस्तेज मात्र खुशाल उचला. मातकट रंगाच्या खादीवर निस्तेज कवड्या चकचकीतांपेक्षा शोभून दिसतात, हे एकदा करून बघावं.

किनाऱ्यांवरच्या शंख-शिंपल्यांच्या स्टॉलवर खरेदी करताना जरा जपून. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या यादीत 2001 मध्ये शंख-शिंपल्यांच्या काही जाती घालण्यात आल्या. नॉटिलस, मोठा ट्रायटन शंख, शिंगांचा हेल्मेट शंख हे त्यातलेच, आणि प्रवाळालाही संरक्षण आहे. वर सांगितलेल्या दोन छोट्या कवड्यांबाबत ही अडचण नाही, पण काही दुर्मीळ मोठ्या कवड्या त्या यादीत आल्या होत्या. नाव-गाव ठाऊक नसलेला मोठा, देखणा शंख घेऊच नये. परदेशातल्या नातेवाइकांना कवड्यांचं तोरण नेत असाल तर ही प्राणिजन्य वस्तू आहे हे लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला उतरताना ती जाहीर करावी लागते, आणि आत वाळकं मांस किंवा वाळू असता कामा नये.

आंबट लावायचं नाही

कवडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूच्याच कुळातलं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, भांडी घासायची आंबट पावडर, बाथरूमचं अॅसिड, यातलं काहीही लागलं तर वरचा थर विरघळतो. कवड्या रात्रभर लिंबाच्या पाण्यात घालण्याचा सल्ला कुठे ना कुठे वाचायला मिळतो. सकाळी त्या पांढऱ्या झालेल्या असतात हे खरं, पण चमक गेलेली असते आणि ती परत येत नाही. वार्निश मारून येते ती वार्निशची चमक.

कोमट पाणी, साधा सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी आणि मऊ टूथब्रश एवढं पुरतं. दातांच्या फटीत अडकलेलं हळदकुंकू आणि देव्हाऱ्यातल्या दिव्याची काजळी याने निघते. अख्ख्या कवडीला वास येत असेल तर आत काहीतरी वाळून बसलेलं आहे. पाण्यात भिजत ठेवा, रोज पाणी बदला, मग नळाच्या धारेखाली फट वर धरून झटका. सावलीत पूर्ण वाळवा. वाळल्यावर बेबी ऑइलचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसलं की रंग खुलतो. खोबरेल लावू नका, काही महिन्यांत खवट वास येतो आणि धूळ चिकटते.

पाठ काढणं

पाठ काढलेल्या मिळाल्या नाहीत किंवा घरातल्या जुन्या अख्ख्या वापरायच्या असतील तर हे काम घरी होतं, फक्त वेळ काढून करावं लागतं. कुरुंदाचा धार लावायचा दगड घ्या, त्यावर पाणी सोडत राहा आणि कवडीची फुगीर पाठ गोल गोल घासा. आधी एक पांढरा ठिपका दिसतो, मग तो पसरतो, आणि मग मध्ये अचानक भोक पडतं. तिथून पुढे सांभाळून, कारण कड पातळ असते आणि दाब पडला तर टवका उडतो. भोक सुई सहज फिरेल एवढं झालं की थांबा. पूर्ण सपाट बसायला हवी असेल तर आणखी थोडं.

छोटी कवडी बोटांत धरून घासली तर कवडीआधी बोटाची कातडी जाते. लाकडाच्या काडीच्या टोकावर मेणबत्तीचं मेण ठिपकून त्यात कवडीचं तोंड दाबून बसवा, गार झालं की तीच मूठ. घासून झाल्यावर गरम पाण्यात टाकायचं मेण सुटण्यापुरतं, उकळायचं नाही.

कोरडं घासणं टाळा. ती बारीक पांढरी पूड नाकातोंडात जाते आणि फुप्फुसाला चांगली नाही. ग्राइंडर किंवा छोटा ड्रिल वापरणार असाल तर पाणी, मास्क आणि चष्मा तिन्ही हवेत. मुलांना हे काम देऊ नये. शिवायला जरूर बसवावं.

आत कधी कधी वेटोळ्याचा पातळ पापुद्रा उरतो आणि सुई अडते. दाभणाने टोचून तो काढून टाका. मग भोकाची कड 400 नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी लावून फिरवा. ही पायरी वगळण्याचा मोह होतो, पण घासलेल्या कवडीची कड धारदार असते आणि दोरा तीच कापते. नवी माळ महिन्याभरात तुटते तेव्हा दोष दोऱ्याला मिळतो.

शिवायचं कसं

कापड जाड हवं. खादी, मांजरपाट, कॅनव्हास उत्तम. खण घ्यायचा असेल तर मागे अस्तर आणि तोरणाच्या पट्टीत बकरम घाला, कारण शंभरएक कवड्यांचं वजन चांगलंच ओढतं. जॉर्जेट किंवा शिफॉनच्या ओढणीवर कवड्या लावल्या तर ओढणीही बिघडते आणि कवड्याही लोंबतात, त्या वाटेला जाऊ नये. दोरा दुहेरी, मेणावरून दोनतीनदा ओढलेला. पाणी लागणार असेल तर नायलॉन.

आता कवडी हातात घेऊन तोंडाची फट बघा. दोन्ही ओठांना दात आहेत आणि फटीच्या दोन्ही टोकांना एकेक खोलगट खाच आहे. निसर्गाने दोऱ्यासाठीच करून ठेवल्यासारखी ही जागा आहे. कवडी तोंड वर करून कापडावर ठेवा. सुई कापडाखालून कवडीच्या टोकाच्या अगदी बाहेर वर काढा, दोरा टोकाच्या खाचेत बसवून सुई फटीतून आत न्या, पाठीच्या भोकातून खाली कापडात उतरवा. असं तीनदा. मग दुसऱ्या टोकाला तेच. दोरा खाचेत रुतून बसतो, समोरून जवळजवळ दिसत नाही आणि कवडी हलत नाही.

पिशवी, पट्टा, बैलाचा साज अशी घासली जाणारी वस्तू असेल तर दोन्ही ओठांवरून एकेक आडवा टाकाही घाला. तो दोन दातांच्या मधल्या खळग्यात पडू द्या, म्हणजे घसरत नाही. हा टाका दिसतो, तेव्हा त्याचा रंग मुद्दाम निवडा. काळ्या कापडावर लाल दोरा लावला तर प्रत्येक कवडीच्या तोंडात एक रेघ उमटते आणि कामाला जीव येतो.

प्रत्येक कवडीनंतर मागे गाठ मारायची. एकाच लांब दोऱ्यात दहा कवड्या शिवल्या की काम भराभर होतं, पण एक टाका तुटला की दहाही ढिल्या होतात.

लडीची गोष्ट वेगळी. एकेरी दोऱ्यात ओवलेली कवडी गरगर फिरते आणि दारातून येणाऱ्याला नेमकी पाठ दाखवते. त्याला दोन उपाय आहेत. अर्धा इंच रुंदीच्या सुती फितीवर कवड्या शिवून त्या फिती टांगा, म्हणजे तोंड पुढेच राहतं. किंवा दोन कवड्या पाठीला पाठ लावून मध्ये दोरा घेऊन एकत्र शिवा. मग ती कितीही फिरली तरी दोन्हीकडून कवडीच. लडीच्या शेवटी हा जोड आणि त्याखाली लोकरीचा गोंडा फार छान दिसतो. बंजारा कामातली कवडी आणि गोंड्याची जोडी बघून ठेवा: पांढऱ्या कवडीला लाल, पिवळ्या, हिरव्या लोकरीने जेवढा उठाव येतो तेवढा सोनेरी मण्यांनी येत नाही. सोनेरी मण्यांत कवडी बिचारी प्लास्टिकची वाटायला लागते.

गोंद जिथे टाळताच येत नाही अशा जागा आहेत: मातीची कुंडी, लाकडी चौकट, आरशाची फ्रेम. तिथे दोन नळ्यांचा इपॉक्सी, अरल्डाइटसारखा, वापरा. आधी कवडीची बसायची बाजू पॉलिश पेपरने खरबरीत करा आणि मातीच्या भांड्याची धूळ पुसून ते पूर्ण कोरडं करा. पाठ काढलेली कवडी इथेही जास्त धरते, कारण गोंद कडेलाही लागतो आणि पोकळीतही भरतो. इपॉक्सी नीट घट्ट व्हायला दिवसभर लागतो, तोवर फ्रेम आडवीच ठेवा. उभी केली की कवड्या हळूच खाली सरकतात.

कवड्या लावलेलं कापड मशीनमध्ये घालू नये. गार पाण्यात हलक्या हाताने धुवावं, पिळू नये, उलटं करून सावलीत वाळवावं. इस्त्री कवड्यांच्या मधल्या कापडावरून टोकाने फिरवता येते, कवडीवर ठेवली तर तडा जातो. तोरण गुंडाळून ठेवायचं असेल तर कवड्यांची बाजू बाहेर ठेवून, मध्ये जुन्या धोतराचा किंवा साडीचा कपडा घालून गुंडाळा, म्हणजे कवडीवर कवडी घासत नाही. वर सांगितलेल्या जास्तीच्या नऊदहा कवड्या आणि त्याच रंगाचा थोडा मेणलेला दोरा एका छोट्या पुरचुंडीत बांधून तोरणाच्या अस्तराला आतून टाचून टाका. पुढच्या दसऱ्याला एखादी कवडी फुटलेली निघाली, तर त्या मापाची शोधत बाजारभर फिरावं लागत नाही.